सुटला कीं तुटला?

मराठी भाषेंत 'सुटणें' आणि 'तुटणें' या दोन क्रियापदांत अंतर म्हणाल तर एका अक्षराचें आहे. शाळेंत असतांना आम्हांस तें पुरेसें मोठें वाटे. गांठ सुटते, दोरी तुटते; सुटलेली गांठ पुन्हां मारतां येते, तुटलेली दोरी जोडली तरी मध्यें गांठ राहते. इतका स्पष्ट भेद असतां या दोन क्रियांची गल्लत कोणा शहाण्या माणसाकडून होईल, असें आमच्या स्वप्नींहि नव्हतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत एका रविवारीं सकाळीं, मोटारीच्या इंजिनावर ओणवे होऊन, हातांत पाना धरून, आम्हीं ती गल्लत केली. आणि एक संपूर्ण क्षणभर 'सुटला! सुटला!' म्हणून आनंदानें ओरडलोंहि. तो क्षण आणि त्यानंतरचे आठ दिवस यांची ही हकीकत आहे.

हा उद्योग आम्हीं मुळांत आरंभिलाच कां, असें कोणी विचारील. आमचें पोट लेखणीवर चालतें, आणि लेखणीवर पोट चालविणाऱ्या मनुष्यास चाळिशीनंतर एक विचित्र असमाधान जडतें. जन्मभर जें केलें तें हातांत धरून दाखवितां येत नाहीं, ही ती खंत होय. सुतार खुर्ची दाखवितो, गवंडी भिंत दाखवितो; आपण काय दाखवावें? मग कोणी बागेंत वाफे खणूं लागतो, कोणी घड्याळें उघडून बसतो आणि पुढें घड्याळजीकडे जातो. आम्हीं मोटार धरली. 'आपला हात जगन्नाथ' ही म्हण वडिलांच्या तोंडून आम्हीं शेंकडों वेळां ऐकली होती. जगन्नाथाच्या मूर्तीचे हात अपुरे आहेत, ही गोष्ट मात्र तेव्हां आमच्या ध्यानांत आली नव्हती.

मोटार वडिलांचीच. तिचें नांव सांगून या वयांत तिला चव्हाट्यावर आणीत नाहीं. ती बनविणारा कारखाना बंद होऊन बरीच वर्षें लोटलीं, तिचे नवे सुटे भाग बाजारांतून नाहींसे झाले, आणि आतां तिच्या जातीच्या एका गाडीचें आयुष्य दुसरीच्या मरणावर चालतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. अण्णांनीं ती वीस वर्षें स्वतः चालविली आणि स्वतःच दुरुस्त केली. त्यांच्या मागें ती आमच्याकडे आली. तिच्याबरोबर पान्यांची लांकडी पेटीहि आली. पेटी वापरण्याची विद्या तेवढी आली नाहीं.

त्या रविवारचें काम पाहूं गेल्यास अर्ध्या तासाचें होतें. इंजिन गार ठेवणारें पाणी ज्या नळीनें रेडिएटरकडे जातें, ती नळी इंजिनाच्या डोक्याला मिळते तेथें ॲल्युमिनियमचा एक ओतीव कोपरा बसविलेला आहे. त्याच्याखालचें पॅकिंग कुजून थेंब थेंब पाणी गळत होतें. पाणी काढावयाचें, तीन बोल्ट सोडावयाचे, जुनें पॅकिंग खरवडून नवें घालावयाचें, आणि बोल्ट पुन्हां आवळावयाचे. पहिला बोल्ट पान्याच्या पहिल्याच ओढीस 'कट्ट' असा आवाज करून सुटला. दुसराहि तसाच. तिसरा हालेना.

येथें थांबणें हाच खरा पुरुषार्थ होता. परंतु दोन बोल्ट विनासायास सुटल्यामुळें आमच्या अंगांत कारागीर संचरला होता. आम्हीं घासलेटचे चार थेंब टाकले, चहा पिऊन येण्याइतका वेळ त्यांस दिला (वस्तुतः रात्रभर द्यावयास हवा होता), आणि पान्याच्या दांडीवर हातभर लांबीची लोखंडी नळी चढविली. तरफ पुरेशी लांब असेल तर पृथ्वीहि हालवितां येते, असें आर्किमिडीजच्या नांवावर आम्ही शाळेंत शिकलों होतों. हालविल्यावर पृथ्वीचें काय होईल, हें त्या धड्यांत नव्हतें.

नळी ओढली. बोल्ट ताठ. आणखी ओढली. आणि मग, वाचकहो, तो गोड क्षण आला. दगडासारखा ताठरलेला तो बोल्ट एकाएकीं मऊ झाला. लोण्यांत सुरी फिरावी तसा पाना फिरूं लागला. 'सुटला!' असें आम्ही ओरडलों तें याच वेळीं. घरांतून कोणी तरी 'शाबास' असेंहि म्हणाल्याचें स्मरतें. अर्धा फेरा झाला, पाऊण झाला, आणि बोल्टाचें डोकें आमच्या हातांत आलें. केवळ डोकें. कोपरा उचलून पाहतों तों खालचें धड इंजिनांत, ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाशीं अगदीं समतल, तुटल्या जागीं करडें चकाकत होतें. शिवधनुष्य मोडणाऱ्यास जानकी मिळाली. आमच्या वांट्यास हें पाऊण इंचाचें डोकें आलें.

एवढ्या घट्ट वस्तूला अखेरीस तो मऊपणा कोठून आला, याचा शोध आम्हीं नंतर केला, आणि तो करतांना बोल्ट या प्राण्याविषयींची आमची समजूत पालटली. बोल्ट हा दिसावयास खुंटा असला तरी गुणानें स्प्रिंग आहे. आवळतांना तो किंचित् लांबतो, आणि पुन्हां आखूड होण्याच्या त्याच्या धडपडीनें दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. ज्याच्या डोक्यावर ८.८ हे आंकडे उठविलेले असतात, तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारें ८०० न्यूटन ओढ सोसतो आणि मग तुटतो. परंतु त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे सुमारें ६४० न्यूटनांवरच, त्याची परत येण्याची शक्ति संपते. त्यापलीकडे तो गुळाच्या पाकासारखा ओढला जातो. पिळाचीहि अशीच एक मर्यादा आहे. आमच्या हाताला जो मऊपणा लागला, तो त्या मर्यादेपलीकडचा होता. बोल्ट आट्यांत फिरत नव्हता. तो स्वतःभोंवतीं पिळला जात होता.

दुसरी गोष्ट अशी कीं, पान्यावर लावलेला जोर बोल्टाच्या ताणांत जातो, हाहि आमचा भ्रमच होता. शंभर भाग जोरापैकीं सुमारें पन्नास बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणांत जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणांत, आणि जेमतेम दहा खऱ्या कामीं येतात, असा यंत्रकारांचा ठोकताळा आहे. घर्षण थोडें वाढलें कीं सारा हिशेब बिघडतो. आणि येथें तर तें पराकाष्ठेस गेलें होतें. पोलादाचा बोल्ट, ॲल्युमिनियमचें डोकें, आणि दोहोंमध्यें झिरपलेलें पाणी, हें त्रिकूट जमलें कीं तेथें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजतें, त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूहून अधिक जागा मागते आणि आट्यांच्या फटींत पाचर ठोकल्यासारखी बसते. हें सारें आंत, अंधारांत, वर्षानुवर्षें चालतें. बाहेरून बोल्ट इतर दोघांसारखाच दिसतो.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुण्याच्या नाना पेठेंत, मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारांत गेलों. तेथें एका दुकानदारानें उलट्या आट्यांचा एक निमुळता पेच काढून दिला. तुटलेल्या बोल्टाच्या मध्यभागीं भोंक पाडावयाचें आणि त्यांत हा पेच डावीकडे फिरवीत घालावयाचा. तो आंत रुततो आणि बोल्टास घेऊन बाहेर येतो. निदान डबीवरच्या चित्रांत तरी येतो. पैसे मोजतां मोजतां दुकानदार म्हणाला, "साहेब, हा आंत मोडूं देऊं नका." आम्हीं मान डोलावली, कां, तें विचारलें नाहीं.

घरीं येऊन आम्हीं सेंटर पंचानें खूण केली आणि तीन मिलिमीटरचें भोंक पाडावयास घेतलें. आतां तुटलेल्या बोल्टाचा माथा सपाट नसतो, खडबडीत आणि तिरका असतो. ड्रिलचें टोंक त्यावर ठरत नाहीं, उतारानें घसरतें. पांच मिलिमीटर खोल गेल्यावर आम्हीं विजेरी धरून पाहिलें, तों भोंक मध्यापासून दीड मिलिमीटर बाजूस गेलेलें. आट्यांची भिंत तेथून केवळ तीन दशांश मिलिमीटरवर होती, हें पुढें मोजल्यावर कळलें. त्या वेळीं एवढेंच कळलें कीं, आपण आणखी कांहीं केलें तर तें अधिक वाईट होईल. ड्रिल खालीं ठेवलें. या सर्व प्रकरणांत आमच्या हातून घडलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट.

दुकानदाराच्या शब्दांचा अर्थ आम्हीं त्या रात्रीं शोधून काढला. तो पेच फार कठीण पोलादाचा असतो. बोल्टाच्या पोटांत तो मोडला तर साधें ड्रिल त्याला ओरखडाहि काढीत नाहीं. मग उपाय उरतो तो विजेच्या ठिणग्यांनीं धातू कण कण झिजविण्याचा. विजेचे संपर्कबिंदु ठिणग्यांनीं कां झिजतात, आणि ती झीज कशी थांबवावी, याचा अभ्यास सोव्हिएट रशियांत बोरिस आणि नताल्या लाझारेंको हें जोडपें करीत होतें. झीज थांबेना, तेव्हां १९४३ सालीं त्यांनीं तिलाच कामास लावलें. त्याच सुमारास अमेरिकेंत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनीं असेंच यंत्र रचलें. आणि तें कशासाठीं, तर ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडून बसलेलीं ड्रिलें आणि टॅप काढण्यासाठीं! आमच्यासारख्यांचे पराक्रम निस्तरण्यास एक स्वतंत्र विद्या जन्मास यावी लागली, हें वाचून धीर यावा कीं मान खालीं जावी, तें कळेना. शिवाय त्या यंत्रापुढें नेण्यासाठीं इंजिनाचें सारें डोकें उतरवावें लागलें असतें. म्हणजे मोडलेला एक काढण्यासाठीं, तितकेच जुने आणि न मोडलेले अनेक सोडावयाचे. आणि त्यांत तें डोकेंच गेलें तर दुसरें कोठून आणावें? अण्णांची गाडी एका बोल्टापायीं भंगारांत जाईल, हा विचार त्या रात्रीं प्रथम मनांत आला. झोंप लागली नाहीं.

शनिवारीं मिस्त्री आले. अण्णांच्या वेळचे, आतां सत्तरीचे; वेल्डिंगचें यंत्र टेंपोंत घालून मुलानें आणून दिलें. आम्हीं आमची कर्मकथा सांगावयास आरंभ केला, तों त्यांनीं हातानें थांबविलें आणि विजेरी लावून बराच वेळ नुसतें पाहिलें. मग बॅटरीच्या तारा काढल्या, भोंवतीं ओलीं फडकीं ठेवलीं, तुटक्या बोल्टाच्या माथ्यावर एक नट ठेवला आणि त्याच्या पोटांतून वेल्डिंग करून दोहोंचा एक जीव केला. वितळलेलें पोलाद पोलादाला धरतें, ॲल्युमिनियमला धरीत नाहीं. म्हणून जोड लागला तो बोल्टालाच. नटाची लाली ओसरल्यावर त्यांनीं मेणबत्तीचें टोंक त्याच्या मुळाशीं टेंकविलें. मेण पातळ होऊन आट्यांच्या फटींत दिसेनासें झालें. अंशाअंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. त्यामुळें उष्णतेनें भोंक बोल्टाहून अधिक सैल होतें, आणि त्या क्षणभराच्या फटींत मेण आपली वाट काढतें.

मिस्त्रींनीं पाना लावला, आणि उजवीकडे फिरविला. आम्ही ओरडलों, "मिस्त्री, उलटें! तुम्ही आवळतां आहां!"

"साहेब," ते वर न पाहतां म्हणाले, "जो मागें येत नाहीं, त्याला आधीं थोडा पुढें जाऊं द्यावा."

पहिला नट जोडापासून निघाला. त्यांनीं शांतपणें दुसरा लावला. तोहि निघाला. तिसऱ्या वेळीं मेण लावून, थांबून, त्यांनीं पाना केंसाएवढा पुढें आणि केंसाएवढा मागें असा हालविला, आणि आंतून एक बारीक कुरकुर ऐकूं आली. "धरा," असें म्हणून त्यांनीं पाना आमच्या हातीं दिला. आम्हीं भीत भीत तसाच हालविला. पुढें, मागें, पुढें, मागें. "काय लागतें हाताला?" त्यांनीं विचारलें. आम्ही म्हणालों, "कुरकुरतो आहे, विरोध करतो आहे."

"मग ठीक. कुरकुरतो तोंवर तो फिरतो आहे. कुरकुर थांबून एकदम मऊ झाला कीं हात काढावा. तो सुटत नसतो, तुटत असतो."

आम्हांस जें साऱ्या आठवड्यांत शिकावयाचें होतें तें एवढेंच होतें, आणि तें पुस्तकांत शब्दांनीं लिहिलेलें असलें तरी हाताला शब्द वाचतां येत नाहींत. तो बोल्ट पाऊण तास कुरकुरत, दर वेळीं एखादा आटा उसना दिल्यासारखा, वर आला. आम्हांस तो मध्यें मध्यें मिस्त्रींच्या हातीं द्यावा लागला, कारण आमचा हात घाई करीत असे आणि त्यांना तें आमच्या खांद्यावरून दिसत असे.

बाहेर आलेला तुकडा त्यांनीं फडक्यावर ठेवला. शेजारीं, रविवारीं सहज सुटलेले दोन बोल्ट ठेवले. मग चष्मा लावून तिन्ही हातांत घेतले. पहिल्या दोघांच्या आट्यांत काळसर ग्रीस अजून ओलें होतें. तिसऱ्याचे आटे कोरडे, पांढऱ्या भुकटीनें चुन्यासारखे भरलेले.

"हे दोन अण्णांनीं बसविलेले," मिस्त्री म्हणाले. "त्यांचा हात मला ठाऊक आहे. हा कुणी बसविला?"

आम्हांस सारें आठवलें. आठ वर्षांपूर्वीं साताऱ्याहून पुण्यास येतांना खंबाटकीच्या घाटांत हाच कोपरा गळूं लागला होता. एक बोल्ट खिळखिळा होऊन वाटेंत कोठें तरी पडला होता. पायथ्याच्या दुकानांतून नवा आणला. अण्णांचे हात तेव्हां कांपूं लागले होते. ते रस्त्याच्या कडेस दगडावर बसले आणि आम्हीं पाना धरला. "आधीं बोटांनीं बसव," ते म्हणाले, "बोटांचें संपलें कीं मग पाना." आम्हीं आवळला. "पुरे," ते म्हणाले. आम्ही म्हणालों, "असूं द्या, अण्णा. पुन्हां गळायला नको." आणि सारें अंग घालून आणखी पाव फेरा दिला. ते कांहीं बोलले नाहींत. गाडींत बसल्यावर मात्र म्हणाले, "घरीं गेलों कीं तो एकदां काढून, ग्रीस लावून बसवूं."

त्या पावसाळ्यांत ते अंथरुणास खिळले. बोल्ट काढावयाचा राहिला. पाणी त्यानंतर सात वर्षें गळलें नाहीं, आणि न गळल्यामुळें, आपण त्या दिवशीं बरोबर होतों असेंच आम्ही समजत राहिलों. गेल्या रविवारीं लोखंडी नळीनें आम्हीं जो बोल्ट तोडला, तो त्या घाटांतच अर्धा तुटलेला होता.

"आम्हींच," आम्ही मिस्त्रींना सांगितलें. त्यांनीं मान हालविली आणि टॅप काढून भोंकाचे आटे साफ करावयास घेतले. आटे शाबूत होते. तीन दशांश मिलिमीटरची भिंत टिकली होती. ती फुटली असती, तर भोंक मोठें करून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवावे लागले असते. तोहि उपाय भक्कम असतो. पण मूळचे तें मूळचे.

नवा बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानांत चहाच्या किमतींत मिळाला. आठ मिलिमीटर जाडी, सव्वा मिलिमीटर आटा, एवढें सांगितलें कीं दुकानदार न पाहतां डब्यांत हात घालतो. ही सोय नेहमींचीच असें आपण समजतों. परंतु १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थनें आट्यांचें एकच माप सर्वांनीं पाळावें असें सुचविलें, तोंवर कारखान्या-कारखान्याचे आटे निरनिराळे असत, आणि एका घरच्या बोल्टाचें दुसऱ्या घरच्या नटाशीं जमत नसे. तेव्हां बोल्ट तोडणें आजच्याहून कितीतरी महाग पडत असेल.

बसवितांना मिस्त्री बाजूस उभे राहिले. आम्हीं तिन्ही बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावलें. ग्रीस लावलें कीं घर्षण कमी होतें, म्हणून जोरहि कमी लावावा लागतो, हें त्यांनीं बजावून सांगितलें. तिन्ही बोटांनीं फिरविले. बोटांचें संपलें तेव्हां पाना घेतला, आखूड दांडीचा, नळी न लावतां. थोडा हा, थोडा तो, थोडा तिसरा, असे आळीपाळीनें आवळले. शेवटीं हाताला पुरेपणा लागला. आणि त्याच वेळीं, आठ वर्षांपूर्वींप्रमाणेंच, आणखी पाव फेरा द्यावा अशी तीव्र इच्छा झाली. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. 'पुरे' हा शब्द त्या अंगणांत कोणी तरी उच्चारावयास हवा होता. तो आम्हींच उच्चारला, जरा मोठ्यानें, आणि पाना अण्णांच्या पेटींत ठेवला.

या गोष्टीस आतां चार महिने झाले. दर रविवारीं आम्ही झांकण उघडून त्या कोपऱ्याखालून बोट फिरवितों. बोट कोरडें निघतें.